किड्यांच्या व्हायरसवर पीएचडी करून माणसाला काय फायदा? मुलीच्या अ‍ॅडमिशनचा प्रश्न आहे

काजूवाला_सत्तरी

नमस्कार मंडळी. विषय बागायतीचा नाही पण इथे सगळ्या धंद्यातली माणसं असतात म्हणून विचारतो, मॉडरेटरनी उडवू नये.

आमची धाकटी मायक्रोबायोलॉजीत एमएससी झाली, ताळगावच्या पठारावरून म्हणजे गोवा युनिव्हर्सिटीतून, नेट पण निघालं जेआरएफ फेलोशिपसकट (बापाला कौतुक असणारच), आणि आता बाहेरच्या राज्यातल्या एका लॅबने पीएचडीला बोलावलंय. तिने विषय सांगेपर्यंत घरात सगळे खूश होते. गाईड मॅडम व्हायरॉलॉजिस्ट आहेत, अर्धं काम डेंगी-चिकनगुनियावर आणि अर्धं काम डासांच्या आणि फळमाश्यांच्या व्हायरसवर. म्हणजे डास चावून आपल्याला होतो तो नव्हे हां, खुद्द डासालाच होणारा, माणसाला कधीच न होणारा. आणि आमच्या बाईंच्या वाट्याला नेमका हा दुसरा आलाय. तिच्या आईचं म्हणणं असं की माणसाच्या रोगावर करणार असशील तर खुशाल जा, पण डास आजारी पडून मेला तर बरंच की, त्याच्या दुखण्यात तू कशाला एवढी वर्षं घालवतेस. पोरगी समजावते, पण आपल्याच पोरीचं आपल्याला कधी पटलंय का.

आम्ही सत्तरीतले, २०१५ पासून माकडताप बघतोय. काजूच्या सीझनला बोंडू गोळा करायला माणूस मिळता मिळत नाही, मिळाला तर गोचीड चावू नये म्हणून आधी अंगाला तेल चोळायचं मग रानात शिरायचं. व्हायरस म्हणजे काय ते आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणून वाटतं की एवढी हुशार पोर, तिने माकडतापावर काम धरलं असतं तर गावात चार लोकांना सांगता तरी आलं असतं.

तर विचारायचं ते हे. असल्या कामाचा माणसाला खरंच उपयोग होतो की नुसते पेपर छापतात? लॅबमध्ये तिला काही होणार नाही ना? आणि पुढे पोट भरतं का? "मुलीला तिच्या मनासारखं करू द्या" असं कृपया कोणी सांगू नका, करू देणारच आहे, पण मला स्वतःला समजलं पाहिजे.

फोंड्याचा_पोपट

सरकारी पैशांवर माश्या मारत बसायचं काम, तेही फेलोशिप घेऊन. बाब, बीएड करायला सांगा, घरच्या घरी राहील, मे महिन्याची सुट्टी वेगळी.

पिपेट_आणि_पाव

पोपटराव तुम्ही बसा जरा.

काका, मी मूळची फोंड्याची, पुण्यात व्हायरसच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढून परत आलेय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन वाचा.

कोवोव्हॅक्स ऐकलंय ना, पुण्याच्या सीरमने बनवलेली कोविडची लस, मूळ अमेरिकेतल्या नोव्हाव्हॅक्सची, आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. ती लस बनते अळीच्या पेशींत. आणि अळी कुठली, तर २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि मग देशभर मक्यावर चढली ती अमेरिकन लष्करी अळी, तीच ती. तिच्या कोशातल्या अंडाशयाच्या पेशी १९७० च्या दशकात अमेरिकेत बाटलीत वाढवल्या, त्यांच्यातून पुढे जो वंश निघाला त्याला एसएफ९ म्हणतात. या पेशींत कोरोनाचं स्पाईक प्रोटीन करून घेतं कोण, तर बॅक्युलोव्हायरस, जो माणसाला होतच नाही, किड्यांचाच आहे.

आता तो हे कसं करतो ते ऐकण्यासारखं आहे. बॅक्युलोव्हायरस झालेली अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, तिथे उलटी लटकते, आतून पाणी पाणी होते आणि फुटते, आणि ते सगळं खालच्या पानांवर ठिबकतं म्हणजे पुढच्या अळीच्या जेवणात. पण दुसरी अळी येऊन पान खाईपर्यंत व्हायरसला उन्हात तग धरायला पाहिजे ना, म्हणून तो पॉलिहेड्रिन नावाच्या प्रोटीनच्या स्फटिकात स्वतःला गाडून घेतो, आणि ते प्रोटीन अळीच्या पेशीकडून इतक्या अचाट प्रमाणात करून घेतो की बाकी सगळी कामं बाजूला पडतात. टेक्सासमध्ये मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांच्या लक्षात आलं की बाटलीतल्या पेशींना ऊनच लागत नाही तर तिथे त्या कवचाची गरज काय, त्या जीनच्या जागी आपल्याला हवा तो जीन घातला तर व्हायरस तेवढ्याच जोराने आपला माल बनवेल. १९८३ मध्ये त्यांनी या पद्धतीने माणसाचं इंटरफेरॉन, म्हणजे शरीराचं व्हायरसशी लढणारं प्रोटीन, अळीच्या पेशींत बनवून दाखवलं. हेच स्मिथ पुढे नोव्हाव्हॅक्समध्ये गेले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची सर्व्हारिक्स ही लस पण किड्यांच्या पेशींत आणि बॅक्युलोव्हायरसकडूनच बनवली जाते. तेव्हा "अळी कशाने मेली" हे बघत बसलेल्या लोकांनी जमवलेली विद्या आहे ही, कोणी लस बनवायची म्हणून सुरुवात केली नव्हती.

आता पुण्याची गोष्ट, ही माझी लाडकी. १९६७ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत), के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशी काढून वाढवल्या. एडिस अल्बोपिक्टस म्हणजे आपल्या कुळागरात पोफळीच्या विऱ्यांमध्ये पाणी साचलं की होतो तो पट्टेवाला डास. त्या पेशींतून जपानच्या इगाराशींनी १९७८ मध्ये एक वाण निवडून काढला, त्याचं नाव सी६/३६, आणि आज डेंगीवर काम करणारी लॅब आहे आणि तिच्या नायट्रोजनच्या टाकीत सी६/३६ नाही असं क्वचितच. पेशंटच्या रक्तातला डेंगीचा व्हायरस वाढवायचाय, घाल सी६/३६ वर. का वाढतो तो तिथे इतका छान, हे कळायला मात्र २०१० उजाडलं. किड्यांकडे आपल्यासारख्या अँटीबॉडी नसतात, त्यांची मुख्य ढाल म्हणजे पेशीत शिरलेल्या व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती, पकडून त्याचे बारीक तुकडे करायचे, हे तुकडे करणारं एन्झाइम म्हणजे डायसर-२. सी६/३६ मध्ये नेमकं हेच बिघडलेलं आहे. ही ढाल कशी चालते ते उलगडलं फळमाशीत आणि फळमाशीच्या व्हायरसवर, म्हणजे तुमच्या मुलीच्या गाईड मॅडम जे करतात त्याच खात्यात.

फळमाशीची अजून एक. वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया किड्यांच्या पेशींत राहतो, १९२४ मध्ये घरगुती डासात सापडला होता, लोकांना वाटायचं हा फक्त प्रजननात गडबडी करतो. २००८ मध्ये दोन वेगळ्या टीमना, एक ऑस्ट्रेलियातली आणि एक केंब्रिजची, जवळपास एकाच वेळी दिसलं की ज्या फळमाशीत वोल्बाकिया आहे ती फळमाशीचा ड्रोसोफिला सी व्हायरस टोचला तरी लवकर मरत नाही. ड्रोसोफिला सी! याच्याशी माणसाचा काडीचा संबंध नाही. पण तिथून प्रश्न निघाला की मग हाच बॅक्टेरिया डेंगीच्या डासात घातला तर? घातला, डेंगीचा व्हायरस त्या डासात नीट वाढेना. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात असे डास सोडून मोठी ट्रायल केली, २०२१ मध्ये निकाल छापून आला, डेंगीच्या केसेस ७७ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या व्हीसीआरसीने (डासांसारख्या रोगवाहकांवर काम करणारी सरकारी संस्था) पण वोल्बाकियावाल्या एडिसच्या वसाहती तयार केल्यात. त्या दोन टीमना तेव्हा कोणी विचारलं असतं की माशीच्या रोगाचा माणसाला फायदा काय, तर त्यांना तरी काय सांगता आलं असतं.

सेफ्टीचं आणि बाकीचं रात्री लिहिते, गॅसवर भात आहे.

माडावयलो

ताईंनी छान लिहिलंय, त्यात माझी भर. मी डिचोलीला माड आणि पोफळी करतो. किड्यांच्या व्हायरसचा उपयोग कोणी विचारला तर मी आधी गेंड्या भुंगा दाखवेन. माडाच्या कोवळ्या सुळक्यात भोक पाडून आत बसतो, मग झावळ उघडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. औषध फवारायला माडावर चढणार कोण, पाडेली नारळ पाडायला येत नाही तिथे.

या भुंग्याचा एक व्हायरस आहे. १९६३ मध्ये अलॉइस ह्यूगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात सापडला. त्याआधी पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर हा भुंगा १९०९ मध्ये सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर गेला होता आणि तिथे त्याला शत्रू कोणी नाही म्हटल्यावर माडांची वाट लावली होती. १९६७ पासून तिथे व्हायरस लावून भुंगे सोडले आणि भुंगा आटोक्यात आला. आपल्या देशात लक्षद्वीपला मिनिकॉय बेटावर १९८० च्या दशकात सीपीसीआरआयने (नारळासारख्या बागायती पिकांची सरकारी संशोधन संस्था) तेच केलं. गंमत अशी की व्हायरस झालेला भुंगा लगेच मरत नाही. आतड्यात व्हायरस घेऊन उडत राहतो, शेणखताच्या खड्ड्यात जातो, तिथे हगतो, जोडीदाराला देतो, त्या खड्ड्यातल्या अळ्यांना देतो. म्हणजे फवारणीचं काम तोच करतो, मजुरी न घेता. हेक्टरी १०-१५ रोगट भुंगे सोडायची शिफारस आहे.

हरभऱ्यावरच्या घाटे अळीला महाराष्ट्रात एचएएनपीव्ही मारतात, तोही व्हायरसच. माझ्या मेव्हण्याचं शेत विदर्भात आहे, तो संध्याकाळीच फवारतो कारण उन्हात व्हायरस मरतो, वर ताईंनी लिहिलंय तेच. मेलेल्या अळ्या लटकलेल्या बघून पहिल्यांदा त्याची बायको घाबरली होती की हे आपल्याला झालं तर. काही होत नाही.

फोंड्याचा_पोपट

एवढं होतं तर माझ्या सासऱ्यांच्या माडांना अजून भोकं का?

माडावयलो

कारण सासरे शेणखताचा खड्डा वर्षभर उघडा ठेवतात. आणि हो, सगळीकडे चालतंच असंही नाही. २००७ मध्ये ग्वाम बेटावर हा भुंगा पोचला तेव्हा जुन्या व्हायरसला तो दाद देईना, वेगळ्या वाणाचा निघाला, आता तिथे नवीन व्हायरस शोधायचं काम चालू आहे. म्हणजे किड्यांच्या व्हायरसवर पीएचडी करणारे लागतातच.

ओपीडीतला_माणूस

डॉक्टर आहे, सरकारी नोकरीत, नाव विचारू नका. व्हायरॉलॉजी माझा विषय नाही पण पावसाळा आला की ओपीडीत डेंगीवाले मीच बघतो तेव्हा माणसाच्या बाजूने दोन गोष्टी.

डेंगी, चिकनगुनिया, झिका, माकडताप यांना "माणसाचे व्हायरस" म्हणणं मला अर्धवट वाटतं. डेंगीचा व्हायरस माणसाच्या रक्तात जेमतेम आठवडाभर असतो, डासात मात्र एकदा शिरला की डास मरेपर्यंत. ही मंडळी दोन घरी जेवणारे पाहुणे आहेत, आणि दोन्ही घरच्या रीती वेगळ्या, एकीकडे ३७ डिग्री ताप-अँटीबॉडी-इंटरफेरॉन, दुसरीकडे डासाचं २८ डिग्रीचं शरीर आणि तो आरएनए कापणारा प्रकार. आम्ही डॉक्टर फक्त एका घरातलं बघतो.

चिकनगुनियाचं उदाहरण घ्या. २००५-०६ ला रियुनियन बेटावर जी मोठी साथ आली त्यात व्हायरसच्या ई१ प्रोटीनमध्ये २२६ नंबरच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं होतं, अ‍ॅलानिनचं व्हॅलिन. माणसाला होणारा आजार तोच, सांधे तसेच धरतात. बदल झाला तो डासाच्या बाजूला, एडिस अल्बोपिक्टस मध्ये तो व्हायरस आधीपेक्षा कितीतरी सहज वाढायला लागला. २००७ मध्ये केरळात तोच बदल दिसला आणि तिथे रबराच्या मळ्यांतून चिकनगुनिया पसरला, कारण चिकाच्या वाट्यांमध्ये पावसाचं पाणी आणि पाण्यात हा डास. एक अमिनो आम्ल! हे माणसाचं रक्त कितीही तपासलं तरी समजलं नसतं, डासाच्या पोटात बघावं लागलं.

आता माकडताप. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, मग माणसं आजारी पडली, पुण्याच्या टीमने व्हायरस शोधला. व्हायरस डेंगीच्याच घराण्यातला पण डासाऐवजी गोचीड. माणूस त्याच्यासाठी बंद रस्ता आहे, माणसाकडून माणसाला जात नाही. म्हणजे तो व्हायरस जगतो गोचिडीवर, उंदीर-घुशींवर, माकडांवर. जुनी लस होती, परिणाम कमी पडत गेला, २०२२ मध्ये कर्नाटकाने ती देणं थांबवलं, नव्या लसीवर काम चालू आहे. काजूवाले, तुमच्या मुलीने माकडतापावर काम करावं असं वाटतंय ना, मग तिने गोचिडीचं आतडं समजून घ्यायला पाहिजे, आणि ते समजून घ्यायचं शिक्षण ती जिथे चाललीय तिथेच मिळतं.

बाकी डिसेंबर ते मे रानात जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे, तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला फोन. हे थ्रेडच्या विषयाबाहेरचं आहे पण सत्तरीचं नाव आलं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काजूवाला_सत्तरी

सगळ्यांचे आभार, डॉक्टर साहेब विशेष. ताईंचं उत्तर हिच्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं, लष्करी अळीपाशी थांबून ती म्हणाली म्हणजे आपण अळी टोचून घेतली काय. कोवोव्हॅक्स आम्ही घेतली नव्हती असं सांगितलं तेव्हा शांत झाली.

एक शंका. डॉक्टर म्हणतात ते दोन घरी जेवणारे व्हायरस समजले. पण पोरीचा विषय तर फक्त डासाच्या घरी जेवणारे आहेत. त्यांचं काय? आणि ते उद्या आपल्याकडे जेवायला येणार नाहीत कशावरून?

पिपेट_आणि_पाव

काका हा प्रश्न तुम्ही इंटरव्ह्यूला विचारला असता तर तुम्हालाच सीट मिळाली असती.

डेंगीच्या घराण्यातला पहिला असा व्हायरस १९७५ मध्ये सापडला, स्टोलर आणि थॉमस यांना, तोही रानात नाही, एडिस इजिप्टायच्या पेशींच्या बाटलीत. त्या बाटलीतलं पाणी एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींवर घातलं की त्या एकमेकींत मिसळून मोठे गोळे होत होते, बघितलं तर आत व्हायरस, पण माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींवर घातला तर वाढतच नाही. मग बरीच वर्षं कोणी फार लक्ष दिलं नाही. सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकं वाचायचं तंत्र, स्वस्त झालं आणि पूरच आला. चीनमध्ये झांग योंगझेन यांच्या टीमने २०१५ मध्ये ७० प्रकारच्या किडे-गोचीड-कोळी वगैरे संधिपादांमध्ये ११२ नवे आरएनए व्हायरस दाखवले, पुढच्याच वर्षी पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत मिळून १४४५. त्यात आपल्या रेबीजच्या, फ्लूच्या, डेंगीच्या घराण्यांचे लांबचे भाऊबंद इतके निघाले की या घराण्यांचा इतिहासच परत लिहावा लागला, बऱ्याच जणांचं मूळ गाव किड्यांमध्येच असावं असं आता मानतात. आणि हे झांग म्हणजे तेच, ज्यांच्या लॅबमधून जानेवारी २०२० मध्ये कोरोनाचा पहिला जिनोम जगासमोर आला. किड्यांचे व्हायरस वाचून हात बसलेला होता, माणसाचा आला तेव्हा तो हात कामाला आला.

आता तुमची भीती. पूर्वी कधीतरी किड्यांचेच असलेले व्हायरस हळूहळू माणसा-प्राण्यांकडे वळले हे खरं, पण "हळूहळू" म्हणजे आपल्या पणजोबांपासून मोजायचं नाही, लाखो वर्षांचा हिशोब आहे. आज त्यांना एक नाही, अनेक दारं बंद असतात. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डासातून मिळालेला एलात व्हायरस घ्या, चिकनगुनियाचा भाऊबंद, तो आपल्या पेशीत शिरतच नाही, आणि मुद्दाम आत ढकलला तरी त्याचा आरएनए तिथे वाढत नाही. ही दोन्ही दारं बंद आहेत हे कळल्यावर टेक्सासच्या लोकांनी काय केलं, एलातचं इंजिन ठेवलं आणि त्याच्यावर चिकनगुनियाची बाहेरची प्रोटीनं चढवली. तो डासाच्या पेशींत मस्त वाढतो, माणसात वाढूच शकत नाही, पण शरीराला वाटतं चिकनगुनिया आला. २०१७ मध्ये छापून आलं, उंदीर आणि माकडांवर चाललं. ऑस्ट्रेलियात बिंजारी नावाच्या डासाच्या व्हायरसवर डेंगी आणि झिकाचं कवच चढवून २०१९ मध्ये हेच केलं, आणि तो वाढवतात कशात, आपल्या पुण्याच्या वंशातल्या सी६/३६ मध्ये. माणसांसाठीच्या लसी बाजारात यायला अजून अवकाश आहे, खोटं कशाला बोलू, पण कल्पना कुठून आली ते बघा.

अजून एक सांगते मग थांबते. २०२३ मध्ये ब्राझीलमधल्या टीमने दाखवलं की एडिस इजिप्टायमध्ये दोन डासांचेच व्हायरस आधीपासून असतील तर त्या डासात डेंगी लवकर तयार होतो, म्हणजे तो लवकर चावण्यालायक, की काय म्हणायचं ते, होतो. चावल्यापासून पुढच्याला देण्यालायक व्हायला डासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात आणि डासाचं आयुष्यच मुळात काही आठवड्यांचं, त्यात एक-दोन दिवस वाचले तरी साथीत फार फरक पडतो. तेव्हा "डास आजारी पडला तर बरंच" हे काकूंना सांगा की नेहमी बरंच असतं असं नाही.

सेफ्टी. डासांचे, माश्यांचे व्हायरस हाताळायला साधी लॅब पुरते. डेंगीला बीएसएल-२ (सुरक्षेची दुसरी पातळी) लागते, म्हणजे ग्लोव्हज, कॅबिनेट, डास सुटू नये म्हणून दोन दरवाज्यांची खोली. माकडताप मात्र वेगळाच वर्ग, पूर्वी लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाच झाल्याच्या नोंदी आहेत, त्यासाठी पुण्याला एनआयव्हीची सगळ्यात कडक सुरक्षेची बीएसएल-४ आहे. म्हणजे तुम्हाला हवा असलेला विषय तिने घेतला असता तर तुम्ही आत्ता जास्त घाबरायला पाहिजे होतं. मला स्वतःला लॅबमध्ये सगळ्यात जास्त कंटाळा रात्री अडीचला पेशींना खायला घालायला उठण्याचा यायचा, व्हायरसची भीती कधी वाटली नाही.

हॉस्टेलची_खिचडी

वर कोणी तिसऱ्या प्रश्नाला हात लावत नाहीये म्हणून मी लावतो, पीएचडी संपवून बाहेर पडलेला माणूस.

जेआरएफ महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं. त्यात एकटी आरामात राहील, पैसे महिन्याच्या महिन्याला येतीलच याची खात्री देत नाही, कधी चार महिन्यांचे एकदम येतात, तेव्हा सुरुवातीला घरून थोडं पाठबळ ठेवा. पाच वर्षं धरा, सहा झाली तर आश्चर्य नको. नंतर नोकरी "डासांच्या व्हायरस"ला मिळत नाही, हाताला मिळते. पेशी वाढवता येतात, व्हायरस मोजता येतो, सिक्वेन्सिंगचा डेटा वाचता येतो, या तीन गोष्टी नीट शिकली तर लस कंपन्या, डायग्नोस्टिक्स, जैविक कीडनाशकं बनवणारे, सगळीकडे दार उघडं आहे. तिसरी गोष्ट जास्तीत जास्त शिकू द्या, कारण आजकाल नवे व्हायरस आधी कॉम्प्युटरवर सापडतात मग बाटलीत.

विषयापेक्षा गाईड महत्त्वाची. जायच्या आधी त्या लॅबच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायला सांगा, गाईडना नव्हे, विद्यार्थ्यांना. किती जण पूर्ण करून गेले, मध्येच सोडून किती गेले, सुट्टी मिळते का, गणपतीला घरी सोडतात का. माझ्या गाईडने, कुठल्या संस्थेत ते राहू दे, चवथीला सोडलं नाही म्हणून आई अजून त्याचं नाव निघालं की तोंड फिरवते.

काजूवाला_सत्तरी

चवथीचं विचारायला सांगतो, ते सगळ्यात महत्त्वाचं. हिची आई आता म्हणते जा पण मेलेल्या अळ्या घरी आणायच्या नाहीत.

फोंड्याचा_पोपट

मी अजून बीएडवर ठाम आहे. पण ते भुंग्याचं, माडावयलो बाब, रोगट भुंगे मिळतात कुठे? सासऱ्यांना खड्डा झाकायला सांगून बघितलं, माझं ऐकत नाहीत.

माडावयलो

दुकानात मिळत नाहीत, जिवंत माल आहे. जुने गोव्याला एला फार्म माहीत आहे ना, आयसीएआरचं, तिथेच कृषी विज्ञान केंद्र आहे, आधी तिथे जाऊन विचारा, ते कासरगोडच्या सीपीसीआरआयशी बोलून सांगतील. तोवर खड्ड्यात मेटारायझियमची पावडर टाका, ती बुरशी आहे, अळ्यांवर चांगली चालते. आणि सुळक्यात भुंगा बसलेला असेल तर तारेचा आकडा करून आधी तो ओढून काढा, व्हायरस येईपर्यंत माड थांबणार नाही.

फोंड्याचा_पोपट

माडावर चढणार कोण?

माडावयलो

जावई.